तालुक्याची सरासरी ठीक, तरी वर्गावर शिक्षक नाही: सरकारी आकडेवारी कशी वाचावी, कुठे वापरावी

प्रश्न एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा आहे. तालुक्यात शिक्षक कमी आहेत हे सगळ्यांना दिसतं. निवेदन घेऊन गेलं की मात्र उत्तर मिळतं, "तुमच्या तालुक्यात सत्तावीस मुलांमागे एक शिक्षक आहे, निकष तीसचा आहे, मग तक्रार कसली?" अशा वेळी सरकारच्याच आकड्यांवरून खरी स्थिती कशी मांडायची? आणि पद मागण्यापलीकडे शिक्षकांच्या भल्यासाठी या आकड्यांचा काही उपयोग आहे का?

उपयोग भरपूर आहे, पण त्यासाठी आधी सरासरीवर वाद घालणं सोडा. त्या वादात कार्यालय नेहमीच जिंकतं, कारण त्यांचा आकडा खोटा नसतो. २०२४-२५ च्या यू-डायस प्लस (देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी प्रणाली) अहवालात देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदा एक कोटीच्या वर गेली, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण सगळ्या टप्प्यांवर तीसच्या आत आलं. त्याच वर्षीच्या आकडेवारीत एकशिक्षकी शाळा एक लाखाहून जास्त आहेत, त्यातल्या आठ हजारांहून जास्त महाराष्ट्रात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलं आणि शिक्षक एकाच शाळेत भेटतात की नाही, हे सरासरीत दिसत नाही. शिवाय राज्याच्या किंवा देशाच्या प्रमाणात खासगी विनाअनुदानित शाळांचे शिक्षकही धरलेले असतात. म्हणून कुठलाही आकडा उचलताना व्यवस्थापनाचा प्रकार आधी पाहा. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिका, खासगी अनुदानित, विनाअनुदानित हे चार ढीग वेगळे केल्याशिवाय पुढची बेरीज करूच नका.

त्याऐवजी शाळानिहाय पाच आकडे एका ओळीत लिहा. पहिला पट, म्हणजे शाळेत नाव दाखल असलेली मुलं. दुसरा, शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे देय शिक्षक. तिसरा, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून दरवर्षी शाळेची पदं ठरवणाऱ्या आदेशात, मंजूर पदं. चौथा, शालार्थ या पगाराच्या प्रणालीवर ज्यांचा पगार त्या शाळेतून निघतो ते कार्यरत शिक्षक. पाचवा, आज प्रत्यक्ष वर्गावर असलेले. या पाच आकड्यांच्या मधे ज्या फटी दिसतात, त्या प्रत्येकीचा मालक वेगळा आहे. देय आणि मंजूर यांतला फरक धोरणाचा, म्हणजे मंत्रालयाचा. मंजूर आणि कार्यरत यांतला फरक भरतीचा, बिंदुनामावलीचा (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं याची नोंदवही) आणि समायोजनाचा (अतिरिक्त शिक्षक गरजेच्या शाळेत हलवणं), म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषदेचा. कार्यरत आणि वर्गावर यांतला फरक बहुतेक वेळा तालुक्यातच तयार झालेला असतो. बरीचशी निवेदनं वाया जातात ती इथे. कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या कार्यालयात किंवा शाळेत कामाला, पाठवलेल्या शिक्षकाचं गाऱ्हाणं मंत्र्यांकडे जातं आणि संचमान्यतेच्या निकषाबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांशी भांडण होतं.

देय आकडा कसा काढायचा? पहिली ते पाचवीसाठी अनुसूची सरळ आहे. ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. पट १५० च्या वर गेला की पाचांच्या जोडीला मुख्याध्यापक. २०० च्या पुढे मुख्याध्यापक सोडून चाळीसला एक हे कमाल प्रमाण. सहावी ते आठवीला हिशेब वेगळा आहे: दर वर्गाला किमान एक शिक्षक आणि दर ३५ मुलांमागे किमान एक, शिवाय गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींना निदान एकेक. पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक.

आता चार शाळांचं एक काल्पनिक केंद्र, म्हणजे शेजारच्या शाळांचा गट, घेऊ. सगळ्या पहिली ते पाचवीच्या.

शाळा अ: पट १४, देय २, मंजूर १, कार्यरत १, वर्गावर १.
शाळा ब: पट ५८, देय २, मंजूर २, कार्यरत १, वर्गावर १.
शाळा क: पट ९५, देय ४, मंजूर ४, कार्यरत ४, वर्गावर २.
शाळा ड: पट १९०, देय ६, मंजूर ६, कार्यरत ७, वर्गावर ७.

बेरीज करा. पट ३५७, मंजूर १३, कार्यरत १३. केंद्रात रिक्त पदं शून्य टक्के, प्रमाण साधारण सत्तावीसला एक. कागदावर काहीच बिघडलेलं नाही. प्रत्यक्षात 'ब' मध्ये एकच शिक्षक पाच इयत्तांची ५८ मुलं सांभाळतोय. 'क' मधले एक शिक्षक पंचायत समितीत संगणकाच्या कामाला आहेत आणि एक शिक्षिका १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर, त्यामुळे ९५ मुलांना दोघंच उरलेत. 'ड' मध्ये एक जास्त आहे, आणि 'ब' मधलं रिक्त पद या जादा शिक्षकाने बेरजेत झाकलं गेलंय.

चार ओळींतून तीन वेगळी पत्रं निघतात. 'अ' चं पत्र धोरणाबद्दल. संचमान्यतेचे निकष २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने ठरले, १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने बदलले. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांतल्या दुसऱ्या पदाबद्दल तेव्हापासून धोरण वरखाली होत आलंय, त्यामुळे ज्या वर्षाची संचमान्यता हातात आहे त्या वर्षीचा निर्णय सोबत जोडा. 'ब' आणि 'ड' चं पत्र समायोजनाचं, तेही एकत्रच, कारण नुसतं "शिक्षक द्या" म्हणण्यापेक्षा "शेजारच्या शाळेत अतिरिक्त आहे, तो इथे द्या" हे लवकर हलतं. 'क' चं पत्र सगळ्यात लहान. कायद्याच्या कलम २५ (२) मध्ये स्पष्ट म्हटलंय की शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात राबवता येणार नाही, अपवाद फक्त कलम २७ मधल्या कामांचा. कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढंच आहे. पंचायत समितीतलं टपाल त्यात बसत नाही.

रिक्त पदांबद्दल एक मुद्दा फार कमी जण वापरतात. जिल्ह्याकडून उत्तर येतं, "आमच्याकडे आठ टक्के पदं रिक्त आहेत, कायद्याने दहा टक्क्यांपर्यंत चालतात." कलम २६ नीट वाचा. तिथे दहा टक्क्यांची मर्यादा जिल्ह्याला लावलेली नाही, ती शाळेला आहे. नियुक्ती करणाऱ्या प्राधिकरणाने आपल्या ताब्यातल्या शाळेत रिक्त पदं त्या शाळेच्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून वाढू द्यायची नाहीत. याचा अर्थ, दहापेक्षा कमी पदं असलेल्या शाळेत एकही पद रिक्त ठेवायला कायद्यात जागा नाही. दोनांपैकी एक रिक्त म्हणजे पन्नास टक्के. आपल्याकडच्या बहुसंख्य प्राथमिक शाळा याच गटात येतात. म्हणून तुमच्या तक्त्यात "रिक्त पदांची टक्केवारी" हा रकाना शाळानिहाय ठेवा आणि तालुक्याची एकत्र टक्केवारी काढूच नका.

आता हे आकडे कुठून आणायचे आणि प्रत्येकात काय फसतं ते.

यू-डायस प्लसचं शाळा प्रगतिपत्रक कुणालाही पाहता येतं. शाळेचा अकरा अंकी कोड लागतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गाव किंवा प्रभागाचे, शेवटचे दोन शाळेचे. इयत्तानिहाय पट आणि शिक्षकसंख्या तिथे मिळते. मोठ्या अभ्यासासाठी नोंदणी करून शाळानिहाय फायली उतरवून घेता येतात, पण त्यांत खऱ्या कोडच्या जागी बदललेला क्रमांक असतो. त्यामुळे राज्यभराचा कल पाहायला त्या उत्तम, आपल्या गावची शाळा शोधायला निरुपयोगी. केंद्राचा तक्ता करायचा तर प्रगतिपत्रकं एकेक उघडूनच करावा लागतो. दहा-बारा शाळांना एक दुपार पुरते.

यू-डायसमधली माहिती शाळा स्वतः भरते. तिथे नेहमी होणारी चूक म्हणजे बदली होऊन गेलेला शिक्षक जुन्या शाळेच्या यादीतून कमी केलेला नसतो. जुन्या शाळेने तो "शाळा सोडली" असा नोंदवल्याशिवाय नव्या शाळेला आपल्या यादीत घेता येत नाही. मग बदल्यांच्या वर्षी एका शाळेत एक जास्त आणि दुसरीत एक कमी दिसतो. दुसरी चूक नियुक्तीच्या प्रकारात होते. शिक्षणसेवकाला (सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक) कुणी नियमित म्हणून भरतं, कुणी कंत्राटी म्हणून. त्यामुळे "कंत्राटी शिक्षक किती" या प्रश्नाला यू-डायसवरून मिळालेलं उत्तर नियुक्ती आदेशांशी ताडल्याशिवाय धरू नका. तिसरी चूक "मुख्य विषय" या रकान्यात असते. पदवीधर शिक्षकाची नेमणूक कुठल्या विषयासाठी झाली आणि तो प्रत्यक्षात काय शिकवतो हे दोन वेगळे रकाने आहेत. घाईत दोन्हींत एकच भरलं जातं आणि गणित-विज्ञानाचा तुटवडा गायब होतो. शाळेच्या वेळापत्रकाशी हा रकाना ताडून पाहिला तर जे सापडेल ते निवेदनातल्या चार परिच्छेदांपेक्षा जास्त बोलेल: सहावी-सातवीचं विज्ञान भाषेचे पदवीधर शिक्षक घेताहेत, आणि कागदावर विषयशिक्षक उपलब्ध आहे.

संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर बेतलेली असते आणि हातात पडते बऱ्याच महिन्यांनी. म्हणून यंदाचा पट आणि गेल्या वर्षीच्या पटावरची मंजूर पदं एकाच ओळीत लिहिली की नसलेली तूट दिसते किंवा असलेली लपते. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तारीख लिहा. हे बारीक वाटतं, पण सुनावणीत तक्ता पडतो तो याच कारणाने. पटाच्या बाबतीत आणखी एक मेख आधारची आहे. संचमान्यतेला आधार वैध ठरलेलीच मुलं धरली गेली की ज्या पाड्यांवर आधारची कामं रखडलीत तिथली पदं उडतात, मुलं वर्गात बसलेली असली तरी. आणि ऊसतोडीच्या भागात तारखेचाच प्रश्न येतो. ३० सप्टेंबरला बीडच्या गावात असलेलं मूल दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असतं. मूळ गावात पद मंजूर, मूल नाही. कारखान्याच्या परिसरात मूल आहे, पद नाही. अशा तालुक्यांनी ३० सप्टेंबरच्या जोडीला जानेवारीतली हजेरीही तक्त्यात ठेवावी, दोन्ही दिशांच्या शाळांनी.

फुगवलेल्या पटाची भीतीही खोटी नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून पटपडताळणी करावी लागली होती. तुमच्या तक्त्यातला पट हजेरीपत्रकाशी जुळत नसेल तर पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

शालार्थ ही पगाराची प्रणाली. दर महिन्याला ताजी होते म्हणून "कार्यरत" चा आकडा इथूनच घ्यावा. पण तिला फक्त पगार कुठून निघतो एवढंच कळतं. माणूस कुठे काम करतोय ते तिला ठाऊक नसतं. शिवाय खासगी अनुदानित शाळांच्या बाबतीत शालार्थमधलं नाव हा काही नेमणुकीचा पुरावा नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागातल्या बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण बाहेर आल्यावर हे नव्याने सांगायची गरज नसावी. नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी ही तीन कागदं एकमेकांशी जुळली पाहिजेत.

सेवाज्येष्ठता यादी हा सगळ्यात दुर्लक्षित खजिना. जिल्हा परिषदा ती हरकतींसाठी प्रसिद्ध करतात. त्यात जन्मतारीख, नियुक्तीची तारीख, प्रवर्ग, शैक्षणिक अर्हता असते. पुढच्या पाच वर्षांचं चित्र इथून निघतं.

शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. ज्यांचा जन्म एक तारखेचा आहे ते आधीच्या महिन्याच्या अखेरीस. एक्सेलमध्ये याला एकच सूत्र पुरतं: ईओमंथ हे फंक्शन घ्या, जन्मतारखेतून १ दिवस वजा करा आणि त्यात ६९६ महिने मिळवा. १५ जून १९६८ ला जन्मलेल्याची निवृत्ती ३० जून २०२६ येईल, १ जून १९६८ वाल्याची ३१ मे २०२६. ही एक तारीख महत्त्वाची आहे. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहिली अशी आपल्याकडे एक अख्खी पिढी आहे, आणि ती दरवर्षी ३१ मे ला घाऊक निवृत्त होते. शाळा पंधरवड्यात उघडणार असते. म्हणजे दरवर्षीच्या तुटवड्याची तारीख आणि ठिकाण तीन वर्षं आधी माहीत असतं, तरी जूनमध्ये धावाधाव होते.

तीन वर्षं आधी का, तर भरतीचा वेग पाहा. पवित्र या राज्याच्या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरच्या भरतीला लागणारी अभियोग्यता चाचणी, टेट, पहिली २०१७ च्या डिसेंबरात झाली. दुसरी २०२३ ला, तिसरी २०२५ ला. मधे जाहिरात निघायची तर बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून आलेली हवी, आणि नेमकं तिथेच जिल्हे अडकतात. कारण बिंदुनामावलीत आंतरजिल्हा बदलीने आलेले-गेलेले, पदोन्नत झालेले आणि निवृत्त झालेले वेळच्या वेळी नोंदवलेले नसतात. रिक्त पदाचा प्रवर्गच ठरत नाही, मग पद असून जाहिरातीत येत नाही. शिक्षक संघटनांना माझं सांगणं आहे की मोर्चाआधी बिंदुनामावली शेवटची कधी प्रमाणित झाली ती तारीख मागा. बऱ्याचदा भरती तिथेच थांबलेली असते.

ज्येष्ठता यादीतून आणखी एक गोष्ट बाहेर पडते, ती मला रिक्त पदांपेक्षाही गंभीर वाटते. नियुक्तीच्या वर्षाप्रमाणे शिक्षकांचे गट करा आणि स्तंभालेख काढा. २ मे २०१२ च्या निर्णयाने भरती थांबली आणि पवित्रमधून नवे लोक यायला बरीच वर्षं गेली. त्या काळात लागलेले शिक्षक जवळजवळ नाहीतच. आज याचा अर्थ असा की शाळेत एकीकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी लागलेले आणि दुसरीकडे नवे शिक्षणसेवक, मधली फळी नाही. नव्या शिक्षकाला पहिलीचं वाचन कसं घ्यायचं हे शेजारच्या वर्गातलं कुणीतरी दाखवतं, प्रशिक्षणातला व्हिडिओ नाही. ती शेजारची व्यक्तीच नसेल तर? आणि पुढे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या पदांवर येणारी फळी हीच असायला हवी होती. जिल्ह्याने हा आलेख एकदा काढून नव्या शिक्षकांना किमान पहिली दोन वर्षं एकशिक्षकी किंवा दोघंही नवखे असलेल्या शाळेत टाकायचं नाही, असा नियम केला तर पैसा लागत नाही. समुपदेशनाने पदस्थापना देताना शाळांच्या यादीत "या शाळेत दहा वर्षांहून जास्त अनुभवाचे शिक्षक किती" हा एक रकाना वाढवायचा, बस.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, प्रश्नही याच यादीवर सोडवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना त्याशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही सुटका नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. म्हणजे १ सप्टेंबर १९७२ किंवा त्याआधी जन्मलेले एका गटात, त्यानंतरचे दुसऱ्यात. दुसऱ्या गटातून टीईटी किंवा सीटीईटी (केंद्राची तीच परीक्षा) उत्तीर्ण वगळा. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग, पहिली ते पाचवीला शिकवणारे पेपर एकचे आणि सहावी ते आठवीचे पेपर दोनचे. आता तालुकानिहाय आकडा आला. यावर भीतीची भाषणं करण्यापेक्षा, दर तालुक्यात किती जणांना कुठल्या पेपरची तयारी हवी हे कळल्यावर डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) सुट्टीतले वर्ग आखता येतात. आणि संघटनेला न्यायालयात किंवा शासनाकडे जायचं असेल तरी "हजारो शिक्षक" ऐवजी नेमका आकडा घेऊन जाता येतं.

अशैक्षणिक कामांबाबत शिक्षकांची तक्रार रास्त आहे आणि पुरावा बहुधा शून्य, तोही अक्षरशः. यू-डायसच्या शिक्षक नमुन्यात अध्यापनाव्यतिरिक्त कामांत किती दिवस गेले हा प्रश्न आहे. तिथे मुख्याध्यापक सर्रास शून्य भरतात. काहींना वाटतं वरून विचारणा होईल, काहींना रकाना कशाचा ते पाहायला वेळ नसतो. मग राज्याच्या अहवालात सगळे शिक्षक वर्षभर वर्गातच असतात. यावर उपाय शंभर पानी वहीचा. आदेशाचा जावक क्रमांक, तारीख, काम, कोणत्या कार्यालयाकडून, शाळेच्या वेळेतले किती तास, त्या वेळी वर्ग कुणी घेतला. सहा रकाने. बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) काम मतदार यादीचं असल्याने निवडणुकीत मोडतं हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय की यादी पुनरीक्षणाचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी किंवा वेळी द्यावं. तेव्हा वहीत "शाळेच्या वेळेत" आणि "वेळेबाहेर" हे दोन भाग वेगळे हवेत. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवं. वहीतले तास यातून वजा केले की पालकांनाही कळेल अशी गोष्ट तयार होते. वही मार्चमध्ये बसून आठवणीने भरू नका. ती ओळखू येते.

बदल्यांचा परिणाम मोजायला सध्याच्या शाळेत रुजू झाल्याची तारीख पुरेशी आहे. दर शाळेचा सरासरी सेवाकाळ काढण्यापेक्षा "गेल्या पाच वर्षांत या शाळेत किती वेगवेगळे शिक्षक येऊन गेले, भागिले मंजूर पदं" हा भागाकार करा. दोन पदांच्या शाळेत पाच वर्षांत सात शिक्षक झाले असतील तर साडेतीन. अवघड क्षेत्रातल्या आणि सर्वसाधारण क्षेत्रातल्या शाळांचे हे आकडे शेजारी ठेवा. जिल्ह्यांच्या पातळीवर याचंच मोठं रूप म्हणजे आंतरजिल्हा बदल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरती होते, बाहेरून आलेले शिक्षक काही वर्षांनी आपल्या जिल्ह्यात परततात आणि पदं पुन्हा रिकामी. स्थानिकांना प्राधान्य द्या ही तिथली मागणी यातूनच आलीय. इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरला शाळांतल्या मनुष्यबळाची गणना होते आणि त्यावरून एका वर्षी लागलेल्यांपैकी पाच वर्षांनी, दहा वर्षांनी किती टिकले हे दरवर्षी छापलं जातं. आपल्याकडे शालार्थ आयडी सेवाभर एकच राहत असल्याने हेच गणित कुठलीही जिल्हा परिषद करू शकते. अमुक वर्षी रुजू झालेल्या तुकडीतले आज जिल्ह्यात किती, तालुक्यात किती, मूळ शाळेत किती. मात्र हा आकडा शिक्षकाला दोष द्यायला वापरू नका. माणसं जातात त्यामागे बहुधा घर असतं किंवा जोडीदाराची नोकरी. म्हणून ज्या शाळेतून लोक सतत जातात तिथे राहायची सोय आहे का, पती-पत्नी एकत्रीकरणात त्या भागात दोन पदं मिळतात का, हे पुढचे प्रश्न विचारा.

प्रशिक्षणाच्या दिवसांचा रकानाही असतो. त्याच्या फार नादी लागू नका. किती दिवस हजेरी लावली एवढंच त्यातून कळतं.

गोपनीयतेचं भान ठेवा. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध असते म्हणून ती जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर फिरवायची नसते. तक्त्यात नाव, जन्मतारीख, जात प्रवर्ग, आजार, आधार यांपैकी काहीही बाहेर जाऊ देऊ नका. निवृत्तीचं फक्त वर्ष ठेवा. दोन शिक्षकांच्या शाळेत कुठलीही सरासरी म्हणजे थेट माणसाचं नाव. म्हणून टीईटी, अनुभव, रजा यांचे आकडे शाळानिहाय छापू नका, केंद्र किंवा तालुक्याच्या पातळीवरच द्या. 'क' शाळेतल्या शिक्षिकेची रजा कार्यालयाला द्यायच्या तक्त्यातही "दीर्घ रजा १" एवढीच लिहायची. कसली, कुणाची हे कुणाला कळायची गरज नाही. ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच शिक्षक तक्त्याला घाबरायला लागले तर पुढच्या वर्षी कुणी माहिती देणार नाही.

आता वेळापत्रक. ऑगस्टपासून कामाला लागा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आधार नसलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घेऊन ती कामं मार्गी लावा, ३० तारखेचा पट हजेरीपत्रकाशी ताडा. ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीआधी पाच आकड्यांचा तक्ता पुरा करून केंद्रप्रमुखांची सही घ्या. सही नाही मिळाली तरी "अवलोकनार्थ सादर" म्हणून पोच घ्या. त्यानंतर शाळा विकास आराखडा. कलम २२ प्रमाणे तो व्यवस्थापन समितीनेच करायचा असतो आणि त्यात पुढच्या तीन वर्षांचा इयत्तानिहाय पट आणि लागणारे जादा शिक्षक मांडायचे असतात. अंगणवाडीतून पुढे येणारी मुलं मोजून पहिलीचा अंदाज घ्या, बाकी इयत्ता एकेक पायरी वर सरकवा आणि ज्येष्ठता यादीतून काढलेल्या निवृत्त्या वजा करा. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर आराखडा गेला पाहिजे. बहुतेक शाळांचा आराखडा म्हणजे गेल्या वर्षीचीच झेरॉक्स असते, त्यामुळे खरे आकडे असलेला आराखडा चटकन नजरेत भरतो.

संचमान्यतेची प्रत किंवा बिंदुनामावलीची तारीख तोंडी मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, प्रतींना पानाला २ रुपये. "शिक्षकांची सर्व माहिती द्या" असा अर्ज हमखास फेटाळला जातो. संचमान्यतेला एक अर्ज, बिंदुनामावलीला दुसरा, कामगिरीवरच्या आदेशांना तिसरा, असे वेगळे करा. प्रत्येकात शाळेचा कोड, वर्ष आणि कागदाचं नेमकं नाव लिहा. उत्तराला ३० दिवस आणि पहिल्या अपिलाचे ३० धरले तर ऑक्टोबरच्या तक्त्यासाठी हे अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जायला हवेत.